डोंगा पुढे, इंजिन मागे

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी पवनी तालुक्यातला. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, आता आम्ही पुनर्वसनाच्या गावठाणात राहतो. जुन्या गावाचा उंचवटा तेवढा पाण्याच्या वर उरला आहे. त्या टापूवर मारोतीचा पार अन् चिंचेचं झाड अजून उभं आहे. जवळपास आणखी दोन टापू आहेत. दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी फायबरची बोट घेतली, तिला दहा हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेलं आहे. माझा लहानपणापासूनचा मित्र ढिवर समाजातला, त्याचा स्वतःचा वल्ह्याचा लाकडी डोंगा आहे, मासेमारीवर त्याचं घर चालतं.

मागच्या पौषात आम्ही दोघं दोन बोटींनी तिन्ही टापू फिरायला निघालो. मी पुढे गेलो. पहिल्या टापूवर त्याची वाट पाहिली, मग कंटाळून दुसऱ्यावर गेलो. दुपारनंतर आभाळ आलं, वारा सुटला. मी लाटा पाहिल्या अन् सरळ काठाला आलो. वाटलं, तोही मागून येईल. तो पहिल्या टापूवरच अडकला. मोबाईलला रेंज नव्हती. जेवणाचे डबे, ब्लँकेटं, काडीपेटी सगळं माझ्या बोटीत. पहाटे गेलो तर तो फक्त "आलास" एवढंच म्हणाला. मी दोर टाकला, त्यानं घेतला नाही. वल्हवत एकटा घरी गेला. वर्ष झालं, रस्त्यात भेटला तर बोलतो, पण पहिल्यासारखं नाही. माझे वडील त्या दिवशी म्हणाले, "संगं नेलं अन् पाण्यात सोडून आला, असा कसा रे तू?"

आता माघात घरचे सगळे जुन्या मारोतीला जायचं म्हणतात, एक मुक्काम करून. वडील 71 वर्षांचे, आई, बायको, दोन मुलं, काका-काकू आणि मी. माझ्या बोटीत आठ जण बसतात. मग दुसरी बोट घ्यायचीच कशाला? आणि मित्राला विचारू की नको?

उत्तर:

भाऊ, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार लागलं. मी दोर टाकला, त्यानं घेतला नाही. पाण्यावर पोट असलेला माणूस दोर नाकारत नाही. रात्रभर थंडीत काढल्यावर सकाळी आलेला दोर तर नाहीच नाही. त्यानं तो नाकारला, त्याअर्थी त्या रात्री थंडीशिवाय आणखी काहीतरी त्याच्या अंगावर आलं होतं. तुम्हीही ते ओळखलं आहे, म्हणून तर वर्षभरानं मला लिहायला बसलात.

आधी तुमच्या मनावरचं एक ओझं उतरवते. वारा सुटल्यावर तुम्ही सरळ काठ गाठलात, त्यात तुमची चूक झाली असं मी म्हणणार नाही. एकटा माणूस, उघडं पाणी, आडव्या लाटा, त्यात इंजिन बंद पडलं असतं तर दोन घरांत रडारड झाली असती. चूक त्याच्या कितीतरी आधी झाली. सकाळी पाणी आरशासारखं होतं, तुमचं इंजिन छान चालत होतं आणि मागचा डोंगा हळूहळू ठिपका होत गेला, चूक तेव्हाची. तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं, म्हणून ती तुम्हाला चूक वाटलीच नाही. दुपारी जे झालं ते त्या सकाळच्या अंतरामुळे झालं.

दुसरी बोट सोबत आहे असं कधी म्हणायचं? ती दिसत असेल, तिच्यातल्या माणसाची हाक ऐकू येत असेल आणि वेळ आली तर ती पाच मिनिटांत आपल्यापाशी पोहोचत असेल, तर. एवढं नसेल तर त्या एकाच दिवशी निघालेल्या दोन वेगवेगळ्या बोटी झाल्या. तुमच्या वडिलांनी "संगं नेलं" हा शब्द नेमका धरला. संगं नेणं म्हणजे वचन असतं.

माझे वडील वैनगंगेच्या एका घाटावर नावाडी होते. पूल व्हायच्या आधीची गोष्ट. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पलीकडच्या बांधीत बाया न्यायच्या असत. वडिलांची नाव मोठी, काकांचा डोंगा लहान आणि जुना. वडील दररोज काकांना आधी सोडत आणि स्वतः मागून निघत. मी त्यांना विचारलं होतं, आपली नाव जोरात जाते तर आपण मागे काहून? ते म्हणाले, "मागे पाहायची सवय कोणालेच नसते. पुढचं सगळ्याले दिसते." तेव्हा मी नऊ वर्षांची होते, मला ते तितकंसं कळलं नाही.

त्याच पावसाळ्यात ते डोळ्यांनी पाहिलं. मध्यधारेत काकांच्या डोंग्याच्या सांध्यात कोंबलेली चिंधी निघाली आणि तळात पाणी शिरू लागलं. सहा-सात बाया होत्या, पाठीवर पावसासाठी बारदानाच्या घोंगश्या. पाणी पायाला लागताच त्या उठून एका अंगाला सरकू लागल्या. काकांनी हाक मारली. वडिलांना मान वळवायचीही गरज पडली नाही, सगळं समोरच घडत होतं. दहा-बारा वल्ह्यांत आम्ही पोहोचलो. वडील लांबूनच ओरडले, "बुडाशी बसा, उठू नोका कोणी!" त्यांनी नाव डोंग्याच्या अंगाला लावली नाही. टोकाला टोक भिडवलं, एका हातानं डोंग्याचं टोक दाबून धरलं आणि एकेक बाई खाली बसूनच सरकत आमच्याकडे आली. काका तेवढा वेळ डालड्याच्या डब्यानं पाणी उपसत होते. शेवटच्या बाईच्या हातात रोपाची पेंडी होती, ती तिनं पलीकडच्या काठापर्यंत सोडली नाही. वडील त्या दिवशी पुढे असते तर ती हाक त्यांना पाठीमागून आली असती, वाऱ्यात अर्धी विरलेली, आणि नाव वळवण्यातच वेळ गेला असता.

म्हणून माझं पहिलं सांगणं: डोंगा पुढे राहील, इंजिनाची बोट मागे. वेग डोंग्याचा. तुमचा मित्र जितकं वल्हवेल तितकंच तुम्ही जायचं.

तुम्ही म्हणाल, ताई, इंजिन इतकं हळू चालवलं तर प्लग काळा पडतो. खरं आहे, टू-स्ट्रोक इंजिन फार वेळ मंद ठेवलं की प्लगवर काजळी धरते आणि नेमकं गरजेच्या वेळी दोरी ओढून ओढून हात दुखतात. यावर उपाय आहे. डोंग्याला पन्नासेक मीटर पुढे जाऊ द्या, इंजिन बंद करून शांत बसा, मग चालू करून तेवढं अंतर कापा. सुटा प्लग, प्लग पाना आणि इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याची सुटी पिन एका डब्यात घालून बोटीतच ठेवा. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवलेली असू द्या. तुम्ही पडलात तर इंजिन थांबलं पाहिजे, बोट पोरांना घेऊन पुढे निघून जाता कामा नये. आणि डोंग्याच्या जवळून वेगात जायचं नाही, कधीच नाही. डोंग्याचा काठ पाण्यापासून वीतभर वर असतो. तुमच्या बोटीमागची लाट तुम्हाला दिसतही नाही, त्याच्या डोंग्यात मात्र ती बादलीभर पाणी ओतून जाते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बोटीत आठ जण बसतात, मग दुसरी बोट कशाला?

भाऊ, आठ जण बसतात हे बोट काठाला बांधलेली असतानाचं गणित आहे. त्यात मुक्कामाचं सामान, पाण्याच्या कॅन, पेट्रोलची टाकी आणि दोन लेकरं एका जागी न बसणारी. 14 सप्टेंबर 2021 आठवा. अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंजला वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 जण गेले. दशक्रियेसाठी जमलेली, एकमेकांच्या नात्यातली माणसं होती ती. जानेवारी 2024 मध्ये आपल्याच वैनगंगेत, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली. या बातम्या वाचल्या की मला त्या घरांचा विचार येतो. घरची सगळी माणसं एकाच नावेत बसली आणि दुसरी नाव हाकेच्या अंतरात नसली, तर असं होऊ शकतं.

घरच्या आठ जणांना एका बोटीत घालू नका. दोन बोटींत वाटा. दोन्ही लेकरं एका बोटीत नकोत. एका बोटीत सगळे पोहणारे आणि दुसरीत सगळे न पोहणारे असंही नको. वडिलांना तुमच्या बोटीत बसवा, कारण डोंग्यात बुडाशी मांडी घालून तास-दोन तास बसणं 71 व्या वर्षी गुडघ्यांना झेपत नाही. काका पाण्यातले असतील तर ते डोंग्यात, मित्राच्या हाताखाली. डोंग्यात किती बसवायचे हे तुमचा मित्र सांगेल आणि त्याचा आकडा शेवटचा. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, बंद आवळलेले. लेकरांना लेकरांच्याच मापाचं. मोठ्यांचं जॅकेट लहान पोराला घातलं तर पाण्यात जॅकेट वर तरंगतं आणि पोर त्यातून खाली निसटतं. बुडाशी टाकून त्यावर बसायला म्हणून नेलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

आणि मागच्या वेळची ती गोष्ट, डबे, ब्लँकेटं आणि काडीपेटी सगळं तुमच्या बोटीत. त्यावर मी जरा थांबले. तुम्ही ते सहज लिहिलं आहे. सामान मोठ्या बोटीत ठेवणं कोणालाही सोपं वाटतं. पण आपल्याकडे पौषातल्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, पाण्याकाठचं दव वेगळं. त्या माणसाजवळ काडी नव्हती. या खेपेला दोन्ही बोटी अशा भरा की त्या रात्रभर एकमेकींना दिसल्या नाहीत तरी दोन्हीतली माणसं जेवून, पांघरून, शेकोटी करून सकाळ पाहतील. पिण्याचं पाणी, भाकरी, पांघरूण, काडीपेटी प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत, बॅटरी, शिट्टी, पाणी उपसायचा डबा, दोर आणि कोयता. प्रत्येक बोटीत हे सगळं वेगळं.

डोंगा म्हणजे तुमच्या मागचं लोढणं, असा विचार मनात कुठेतरी असेल तर तो काढून टाका. गोसीखुर्दचं पाणी साधं पाणी नाही. खाली शेतं आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत, उभी वाळलेली झाडं आहेत. पाणी भरलेलं असतं तेव्हा झाडाचं खुंट दोन हात खाली असतं, कालव्यांना पाणी सुटून पातळी उतरली की तेच खुंट बोटभर खाली येतं. म्हणून पौषातला तुमचा ओळखीचा रस्ता फाल्गुनात ओळखीचा राहत नाही. त्यावर जाळी लावलेली असतात, रात्रीतून वाऱ्यानं जलपर्णीचे थर सरकून वाट बंद करतात. अशा जागी आधी थांबतं ते तुमचं इंजिन. जाळ्याचा दोर पंख्यात गुंडाळला की दहा हॉर्सपॉवर आणि शंभर हॉर्सपॉवर सारखेच. डोंगा मात्र गुडघाभर पाण्यात, खुंटांच्या मधून, जलपर्णी बाजूला सारत बांबूनं रेटत जातो. ज्या दिवशी तुम्ही अडकाल त्या दिवशी तुमच्यापर्यंत पोहोचू शकणारी एकच गोष्ट त्या पाण्यावर असेल, ती म्हणजे तुमच्या मित्राचा डोंगा. उघड्या पाण्यावर, उलट्या वाऱ्यात, तुम्ही त्याच्या कामी याल. खुंटात आणि उथळात तो तुमच्या कामी येईल. दोन्ही बोटी एकसारख्या असत्या तर एकमेकींना इतक्या उपयोगी पडल्या नसत्या.

सोबत किती मोठी गोष्ट आहे याचं एक उदाहरण समुद्रावरचं आहे, मला ते नेहमी आठवतं. 2018 मध्ये आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत होते, एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळ झालं, त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, उठताही येईना. ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन या आयरिश स्पर्धकाच्या बोटीच्याही डोलकाठ्या मोडल्या होत्या. तरी त्यानं जुगाडाचं शीड उभं केलं आणि आपली मोडकी बोट अभिलाष यांच्या दिशेनं वळवली. आधी पोहोचलं ते मासेमारीवर गस्त घालणारं एक फ्रेंच जहाज, त्यानं 24 सप्टेंबरला अभिलाष यांना उचलून घेतलं. पण ग्रेगर शर्यतीतला प्रतिस्पर्धी होता, त्याची स्वतःची बोट मोडली होती, आणि तरी त्यानं नाक तिकडे वळवलं. तुमचा तर बालमित्र आहे.

ओढून आणायची वेळ आली तर दोर कसा लावायचा हे काठावर, उथळ पाण्यात दोघांनी दोनदा करून पाहा. वारा सुटल्यावर शिकायची ती गोष्ट नाही. दोर तुमच्या बोटीच्या मागच्या दोन्ही कड्यांना बांधायचा, इंजिनाला कधीच नाही. तिकडे तो डोंग्याच्या पुढच्या टोकाला, शक्य तितका खालून. गाठ अशी, की ताण असतानाही एका ओढीत सुटेल, आणि कोयता हाताशी. दोर पुरेसा लांब ठेवा. लाटा असतील तेव्हा दोर कमी-जास्त करत असा जुळवा की दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेवर चढतील आणि एकाच वेळी उतरतील, नाहीतर प्रत्येक लाटेला दोराला हिसका बसतो आणि डोंग्याचं टोक उपटून निघतं. डोंग्यातल्या माणसांनी थोडं मागे सरकून बसायचं म्हणजे पुढचं टोक पाण्यात घुसणार नाही. मित्र मागे वल्हं धरून दिशा सांभाळेल. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही बसायचं नाही, तुटला तर तो चाबकासारखा येतो. चालीनं चालणाऱ्या माणसाइतका वेग, त्याहून जास्त नाही.

दोन बोटी अंगाला अंग लावून बांधणं फक्त शांत पाण्यात, आडोशाला, मध्ये सायकलचे जुने टायर लटकवून. लाटेत अंगाला अंग लावलं तर फायबर आणि लाकूड एकमेकांना फोडतात, आणि मधे हाताची बोटं सापडली तर ती जातात.

माणूस पाण्यात पडला तर इंजिन आधी बंद. मग त्याला डोंग्याच्या किंवा बोटीच्या टोकाकडून वर घ्यायचं, अंगाकडून नाही. अंगाकडून चढणारा माणूस डोंगा स्वतःवर उलटा करतो. आणि डोंगा उलटलाच तर तो सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही. लाकडाचा डोंगा उलटला तरी तरंगतो. त्याला धरून राहिलेला माणूस दुरूनही दिसतो. एकट्या पोहणाऱ्याचं डोकं लाटांत दिसत नाही.

आता निघायच्या आधी दोघांनी बसून ठरवायच्या गोष्टी. मला यातली सगळ्यात मोठी वाटते ती ही: मागे फिरायचं असं दोघांपैकी एकानं जरी म्हटलं तरी दोन्ही बोटींनी फिरायचं. वाद नाही, काहून विचारायचं नाही, घरी गेल्यावर टोमणा नाही. घाबरलेला माणूस चुकीचा असला तरी नुकसान एका सहलीचं. तुमच्या मित्रानं आजवर किती वावधनं पाण्यावर काढली असतील. त्यानं आभाळाकडे पाहून तोंड वाकडं केलं तर तुम्ही मोबाईलवर अंदाज शोधत बसू नका.

अंदाज मात्र आदल्या रात्री आणि सकाळी दोन्ही वेळा पाहा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा असतो, विजेसाठी दामिनी ॲप आहे. माघात वादळ सहसा नसतं, पण अवकाळी ढग आपण दरवर्षी पाहतो. गडगडाट कानावर आला की पाणी सोडायचं. जवळचा टापू गाठायचा, एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही, मग ते मारोतीचं चिंचेचं झाड का असेना. सकाळी धुवारी, म्हणजे धुकं, असेल तर ती विरेपर्यंत निघायचं नाही. धुवारीत दोन बोटी वीस मीटरवर एकमेकींना हरवतात. वाटेतच धुवारी आली तर जागच्या जागी थांबून दर मिनिटाला शिट्टी.

रेंज नाही म्हणता, तर खुणा ठरवा. एक शिट्टी म्हणजे थांब, तीन म्हणजे माझ्याकडे ये. दोन्ही हात अंगापासून लांब पसरून हळूहळू वर-खाली करणं ही जगभर संकटाची खूण मानली जाते, ती लेकरांनाही शिकवा. रात्री बॅटरी. डोंग्यात बांबूला भगवं किंवा लाल लुगडं बांधा, लांबून उठून दिसतं.

आणि काठावर एक माणूस ठेवा. जबाबदार माणूस, त्याला कागदावर लिहून द्या: कोण कोण गेलं, कोणत्या बोटीत कोण, कोणत्या क्रमानं टापू, किती वाजता परत. ठरलेल्या वेळेनंतर एक तास गेला आणि आपण दिसलो नाही तर त्यानं कोणालाही न विचारता 112 ला फोन करायचा आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर. मागच्या वर्षी असा एक माणूस काठावर असता तर तुमच्या मित्राची रात्र तशी गेली नसती.

परवानग्यांचं थोडक्यात. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. तुम्ही बोट जुनी घेतली आहे, तेव्हा आधी हे कागद पूर्ण करा. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, टापूवर मुक्कामाचं त्यांच्या कार्यालयात विचारा. पाण्यात मासेमारी संस्थेची जाळी असतात, त्यांनाही सांगून ठेवा. टापू उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वनविभागाला विचारल्याशिवाय पाऊल ठेवू नका. वाघ चांगला पोहतो. आणि धरणाच्या भिंतीकडे, त्या 33 दरवाजांच्या बाजूला, कोणत्याही महिन्यात जायचं नाही.

मुक्कामाबद्दल माझं मत विचाराल तर, पहिल्याच खेपेला मुक्काम नको. आधी तुम्ही दोघं, दोनच बोटी, घरच्यांशिवाय, एक दिवस. सकाळी निघा, दुपारी बाराला कुठेही असा तोंड घराकडे फिरवा. पेट्रोलचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी तुम्हाला कळेल की डोंग्याच्या मागे राहणं जमतं की नाही. जमलं तर मग आई-वडिलांना न्या. मुक्काम करायचाच झाला तर दोन्ही बोटी पाण्याबाहेर पूर्ण ओढून घ्या आणि झाडाला बांधा, कारण रात्री वारा फिरला की बांधलेली बोटही काठावर आपटून फुटते.

पण हे सगळं मित्र हो म्हणाला तर. आणि तुम्ही विचारताय, त्याला विचारू की नको.

विचारा. पण टापूचं आधी बोलू नका. आधी जे झालं ते बोला. बायकोला, लेकरांना घेऊन जाऊ नका, जेवायला घरी बोलवू नका, पार्टी देऊ नका. पाहुणचारात माणूस संकोचानं माफ करून टाकतो, आणि ते माफ करणं खरं नसतं. सकाळी तो जाळं उचलून काठाला येतो, मासे सोडवतो, तेव्हा जा. त्याच्या बाजूला बसा, जाळ्याची एक बाजू धरा. आणि म्हणा की वाऱ्याचं मी काही करू शकत नव्हतो, पण सकाळी तू दिसेनासा झालास तेव्हाच मी थांबायला पाहिजे होतं, थांबलो नाही. डबे आणि काडीपेटी माझ्याजवळ होती, हे मला काठावर आल्यावर आठवलं आणि रात्रभर झोप आली नाही. हे खरं असेल तरच म्हणा. तुमच्या पत्रावरून मला ते खरं वाटतं.

तो लगेच काही बोलणार नाही. बोलावं म्हणून बसून राहू नका, उठून घरी या. चार-आठ दिवसांनी वडिलांना घेऊन त्याच्याकडे जा. वडिलांनी त्या दिवशी तुम्हाला जे सुनावलं ते त्याच्यापर्यंत पोहोचलं असेल की नाही मला माहीत नाही, पण वडील आले की त्याला कळेल की तुमच्या घरात त्याची बाजू घेणारा माणूस होता. मग वडिलांनीच विचारावं, आम्हाला मारोतीला नेशील का. तुमच्या बोटीच्या सोबतीला ये असं म्हणू नका. त्याचा डोंगा पुढे राहणार आहे, तर नेणारा तोच.

नाही म्हणाला तर या माघात जाऊ नका. एकट्या बोटीत आठ जण घेऊन तर नाहीच. मारोती पुढच्या माघातही तिथेच असेल.

हो म्हणाला तर बाजारातून नवा दोर घ्या, नायलॉनचा, जाड, तीस मीटर. गोठ्यातला जुना नको, तो उन्हानं कुजलेला असतो. काठावर दोर लावून पाहाल तेव्हा टोक आधी त्याच्या हातात द्या, गाठ त्याला मारू द्या.